लघवीची घाई आणि घोट्यावरचा विद्युतपट्टा : घरी उपचार सुरू करण्यापूर्वी

लघवी लागली की दम धरवत नाही, शौचालय गाठण्याआधीच कपडे ओले होतात, दिवसातून दहा-बारा वेळा जावे लागते आणि रात्री तीन-चार वेळा झोपमोड होते, अशा तक्रारींच्या समूहाला वैद्यकशास्त्रात ‘अतिक्रियाशील मूत्राशय’ म्हणतात; मात्र लघवीतील जंतुसंसर्ग, मूतखडा, अनियंत्रित मधुमेह यांसारखे दुसरे उघड कारण सापडत नसेल तेव्हाच हे नाव द्यावयाचे असते. निरोगी मूत्राशयात दीडशे ते दोनशे मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते आणि त्यानंतरही चारशे-पाचशे मिलिलिटरपर्यंत ते निमूटपणे साठवण करीत राहते. अतिक्रियाशील मूत्राशयाचा स्नायू याहून बराच आधी, माणसाच्या इच्छेविरुद्ध आकसू लागतो आणि त्या आकसण्यातूनच न आवरणारी कळ येते. हा वयाचा अटळ भाग नाही आणि बाळंतपणानंतर बाईने मुकाट्याने सोसावयाचा भोगही नाही. त्यावर उपचार आहेत आणि त्यांपैकी एक, म्हणजे घोट्याजवळच्या मज्जातंतूला सौम्य विद्युतस्पंद देण्याचा उपचार, आता घरी बसून करता येण्याजोगा झाला आहे.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांतील रुग्णांच्या दृष्टीने ‘घरी’ या शब्दाला विशेष महत्त्व आहे. सुईच्या साहाय्याने दिला जाणारा हाच उपचार रुग्णालयात घ्यावयाचा तर आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासासाठी, असे सलग बारा आठवडे जावे लागते. मूत्ररोगतज्ज्ञ बहुधा पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई येथेच गाठावे लागत असल्यामुळे रोह्याच्या रुग्णाला अर्ध्या तासाच्या उपचारासाठी दिवा-रोहा गाडीने किंवा एसटीने जाण्यायेण्यात अख्खा दिवस घालवावा लागतो, आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्याला किंवा गणपतीच्या आधीच्या महिन्यांत हमरापूर-जोहे परिसरातील मूर्तिशाळेत रंगकाम करणाऱ्या स्त्रीला बारा दिवसांची मजुरी सोडणे परवडत नाही. त्यातच एसटीत शौचालय नसते, म्हणजे ज्या त्रासासाठी प्रवास करावयाचा तोच त्रास प्रवास अशक्य करून टाकतो. म्हणून घरगुती साधनाची ओढ स्वाभाविक आहे. परंतु ते साधन कोणत्या तक्रारीवर चालते, कोणत्या तक्रारीवर चालत नाही आणि कोणाला अपाय करू शकते, हे समजून घेतल्याशिवाय ते विकत घेऊ नये.

उपचाराचे तत्त्व असे आहे. मूत्राशयाचे भरणे व रिकामे होणे यांवर पाठीच्या कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतून निघणारे दुसऱ्या ते चौथ्या क्रमांकाचे मज्जातंतू नियंत्रण ठेवतात. मांडीच्या मागून पोटरीत उतरणारा आणि पायाच्या आतल्या घोट्यामागून तळव्यात शिरणारा टिबियल मज्जातंतू कमरेच्या चौथ्या मणक्यापासून त्रिकास्थीच्या तिसऱ्या पातळीपर्यंतच्या मुळांतून बनतो, म्हणजे दोघांची काही मुळे एकच असतात. घोट्याजवळ दिलेला स्पंद या सामाईक मुळांतून मज्जारज्जूकडे जातो आणि मूत्राशयाला अवेळी आकुंचनाचा आदेश देणारी प्रतिक्षिप्त क्रिया हळूहळू शांत करतो. वीज मूत्राशयापर्यंत पोहोचते, हा समज खरा नाही. ती घोट्याभोवतीच राहते आणि पुढे जातो तो मज्जातंतूतून वाहणारा संदेश.

ही कल्पना नवी नाही. चिनी सूचिकाउपचारात आतल्या घोट्याच्या वरचा एक बिंदू लघवीच्या तक्रारींसाठी पूर्वापार वापरला जात असे. त्याचा आधार घेऊन अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ एडवर्ड मॅकग्वायर यांनी १९८३ मध्ये त्वचेवर विद्युतपट्ट्या चिकटवून केलेल्या उत्तेजनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को येथील मार्शल स्टोलर यांनी बारीक सुई वापरणारी पद्धत विकसित केली, जिला २००० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली. त्वचेखाली बसवावयाची छोटी यंत्रे २०२२ व २०२३ मध्ये तेथे मान्य झाली, पण ती शस्त्रक्रियेची बाब असल्याने येथे त्यांचा विचार केलेला नाही. घरगुती वापराच्या दृष्टीने महत्त्वाची दोन साधने म्हणजे २०२१ मध्ये मान्यता मिळालेला, मोज्यासारखा पायात चढवावयाचा ‘झिडा’ आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेला, घोट्याभोवती गुंडाळावयाचा ‘व्हिवली’ पट्टा. यांतील दुसरे साधन पायाच्या स्नायूचा प्रतिसाद स्वतः मोजून विद्युतप्रवाह कमी-अधिक करते. दोन्ही साधने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्याची आहेत. तथापि भौतिकोपचारतज्ज्ञांकडे वर्षानुवर्षे असलेले, कंबरदुखी व गुडघेदुखीसाठी वापरले जाणारे, काही हजार रुपयांत मिळणारे ‘टेन्स’ यंत्रही योग्य मापांवर लावले असता त्याच मज्जातंतूला त्याच प्रकारचे स्पंद देते, आणि पेण-रोह्यातील सामान्य कुटुंबासाठी विचारात घेण्याजोगा पर्याय प्रामुख्याने तोच आहे.

परिणामाविषयी मात्र अपेक्षा नेमकी ठेवावी. सुईच्या पद्धतीची २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी २२० रुग्णांवर झाली. तीत खरा उपचार मिळालेल्यांपैकी ५४.५ टक्के रुग्णांना आणि केवळ लुटुपुटुचा उपचार मिळालेल्यांपैकी २०.९ टक्के रुग्णांना मध्यम किंवा ठळक सुधारणा जाणवली. म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना फायदा होतो, आणि त्यातलाही काही भाग उपचार चालू असल्याच्या विश्वासातून येतो. त्वचेवरून दिल्या जाणाऱ्या उत्तेजनाचा पुरावा याहून कमजोर आहे. ब्रिटनमधील वृद्धनिवासांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत या पद्धतीने वृद्धांच्या लघवी गळण्यात उल्लेखनीय फरक पडला नाही, आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ती अतिक्रियाशील मूत्राशयासाठी देऊ नये असे म्हटले; उलट अनेक लहान अभ्यासांत, विशेषतः हिंडत्याफिरत्या आणि सूचना पाळू शकणाऱ्या रुग्णांत, घाई व वारंवारता कमी झालेली आढळली आहे. या सर्वांचा विचार करता, विद्युतपट्टा हा पहिला किंवा एकमेव उपचार म्हणून नव्हे, तर सवयींच्या शिस्तीला दिलेली जोड म्हणून, डॉक्टरांच्या संमतीने आणि ठरावीक मुदतीपुरता करून पाहावा, हेच योग्य ठरते.

लघवीची प्रत्येक तक्रार ही घाईची तक्रार नसते आणि येथेच सर्वाधिक चुका होतात. खोकताना, शिंकताना, कळशी उचलताना किंवा उकिडवे बसून उठताना चार थेंब जात असतील तर तो ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा, म्हणजे श्रोणितलाचा, सैलपणा असतो. त्यावर त्या स्नायूंचे व्यायाम हा उपाय आहे आणि घोट्यावरच्या पट्ट्याकडून त्यात विशेष अपेक्षा ठेवता येत नाही. साठीच्या पुढील पुरुषाला वारंवार जावे लागते, धार बारीक पडते, जोर करावा लागतो आणि झाल्यावरही मूत्राशय रिकामे झाल्यासारखे वाटत नाही, अशा वेळी वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीने वाट अडवलेली असण्याचा संभव मोठा असतो. मूत्राशय रिकामेच होत नसताना त्याला आणखी शांत करण्याचा प्रयत्न धोक्याचा ठरू शकतो. दीर्घकाळच्या मधुमेहात तर मूत्राशयाची जाणीवच बोथट होते आणि भरून वाहणाऱ्या टाकीसारखी लघवी आपोआप गळत राहते. लघवीत रक्त दिसणे, थंडी वाजून ताप येणे, लघवी पूर्ण तुंबणे किंवा लघवीच्या तक्रारीबरोबर पायातील बळ जाऊन मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येणे, या लक्षणांत कोणत्याही घरगुती साधनाचा विचार न करता तातडीने रुग्णालय गाठावे.

म्हणूनच यंत्राआधी वही लागते. सलग तीन दिवस, त्यांतील एक तरी कामाचा आणि एक घरी राहण्याचा असे धरून, प्रत्येक वेळी किती वाजता लघवी झाली, किती झाली, कळ किती तीव्र होती, कपडे ओले झाले का आणि त्याआधी काय किती प्यायले, याची नोंद ठेवावी. मोजण्यासाठी महागडे भांडे नको. पाव लिटर व अर्धा लिटरच्या बाटल्यांनी पाणी ओतून प्लॅस्टिकच्या जुन्या मगवर न पुसणाऱ्या शाईने खुणा केल्या की काम भागते, आणि तो मग शौचालयातच वेगळा ठेवावा. लिहिता न येणाऱ्या सासूबाईंसाठी सुनेने किंवा नातवाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वेळेसमोर रेघ मारली तरी चालते. ही वही पुष्कळ काही सांगून जाते. दर वेळी साठ-सत्तर मिलिलिटरच लघवी होत असेल तर घाई खरी. दर वेळी साडेतीनशे-चारशे होत असेल तर मूत्राशय बहुधा निर्दोष असून पाणी अधिक प्यायले जात आहे किंवा रक्तातील साखर वाढली आहे. आणि दिवसा कमी व रात्री भरपूर होत असेल तर पायांवरची सूज, संध्याकाळी घेतली जाणारी ‘पाण्याची गोळी’ (लघवी वाढवणारे औषध) किंवा रात्रीचा चहा यांकडे पाहावे लागते. त्यातील गोळीची वेळ रुग्णाने परस्पर बदलू नये, डॉक्टरांना विचारून बदलावी.

वहीबरोबर तीन तपासण्या आवश्यक आहेत : लघवीची साधी तपासणी, रक्तातील साखर, आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी. साखर व रक्तदाबाची तपासणी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होते आणि तिथवर नेण्यास आशाताई मदत करतात. पुढील तपासणीसाठी पेण व रोहा येथील उपजिल्हा रुग्णालये, अलिबागचे जिल्हा सामान्य रुग्णालय, आणि तज्ज्ञांची गरज पडल्यास कामोठे येथील एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा मुंबईतील केईएम, शीव, नायर ही पालिकेची रुग्णालये आहेत. सोनोग्राफीत दीडशे-दोनशे मिलिलिटरहून अधिक लघवी उरलेली दिसली तर विद्युतपट्ट्याचा विषय तेथेच थांबवून मूत्ररोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. स्त्रियांनी ही तक्रार पुरुष डॉक्टरांसमोर बोलण्याचा संकोच वाटत असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंची वेळ मागून घ्यावी. तक्रार दडवून वर्षे काढण्यापेक्षा दोन तास अधिक थांबणे केव्हाही चांगले.

कारण निश्चित झाल्यावर पहिले सहा ते बारा आठवडे मूत्राशयाच्या सवयी बदलण्यास द्यावेत. सध्या तासातासाने जावे लागत असेल तर घड्याळ लावून सव्वा तासाने जावे, ते जमले की दीड तासाने, असे करीत तीन तासांपर्यंत अंतर वाढवीत न्यावे. मध्येच कळ आली तर धावत न सुटता जागीच बसावे, गुदद्वाराचे व लघवीच्या वाटेचे स्नायू पाच-सहा वेळा आत ओढून सोडावेत आणि कळ ओसरल्यावर शांतपणे उठावे. कपडे ओले होतील या भीतीने पाणी तोडणे हा मूर्तिशाळेत किंवा शेतात दिवसभर राबणाऱ्या बायकांनी शोधलेला उपाय घातक आहे, कारण कोकणच्या दमट उकाड्यात घाम गेलेल्या शरीराला पाणी न मिळाल्यास लघवी गडद व दाहक बनते, मलावरोध होतो आणि दोन्हींमुळे घाई वाढते. चहा मात्र दिवसातून दोन कपांवर आणावा. औषधांत ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते व शौचास कठीण होते, वृद्धांत विसराळूपणा व गोंधळ वाढू शकतो. मिराबेग्रॉनने रक्तदाब चढू शकतो. ज्यांना या गोळ्या सोसत नाहीत, किंवा आधीच अनेक गोळ्या चालू असल्यामुळे नकोशा वाटतात, त्यांच्यासाठी घोट्यावरच्या उत्तेजनाचे मोल खरोखर मोठे आहे.

‘टेन्स’ यंत्राने हा उपचार करावयाचा असल्यास पहिल्या दोन-तीन बैठका भौतिकोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. एका पायाच्या आतल्या घोट्याच्या हाडामागे, हाड आणि टाचेची शीर यांच्या मधल्या खोलगट जागी, एक चिकटपट्टी लावावी आणि दुसरी त्याच रेषेत सुमारे दहा सेंटिमीटर वर, नडगीच्या हाडामागच्या मऊ भागावर लावावी. स्पंदांची वारंवारता, म्हणजे एका सेकंदातील स्पंदांची संख्या, १० ते २० हर्ट्झ आणि प्रत्येक स्पंदाचा कालावधी २०० मायक्रोसेकंद ठेवावा. कंबरदुखीसाठी लावली जाणारी ८० ते १०० हर्ट्झची मांडणी येथे उपयोगाची नाही, आणि ज्या यंत्रावर हे आकडे स्वतः निवडता येत नाहीत ते या कामासाठी घेऊच नये. प्रवाह हळूहळू वाढवला की तळव्याकडे किंवा टाचेकडे मुंग्या उतरतात आणि पायाचा अंगठा किंचित खाली वळतो किंवा बोटे पंख्यासारखी फाकतात. जागा बरोबर सापडल्याची हीच खूण असून, ती दिसल्यावर प्रवाह जरासा कमी करून, ठसठशीत पण न दुखणाऱ्या पातळीवर अर्धा तास चालू ठेवावा. मुंग्या केवळ पट्टीखाली चावल्यासारख्या होत असतील तर यंत्र आधी बंद करून पट्टी अर्धा-एक सेंटिमीटर सरकवून पाहावी.

लहानशा हलगर्जीने हा उपचार वाया जातो. पायाला खोबरेल तेल लावलेले असेल तर पट्टी धरत नाही. पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत, पैंजण उतरवून ठेवावेत आणि घाम येत असल्यास पंख्याखाली बसावे. पट्ट्या एकाच व्यक्तीने वापरावयाच्या असतात, वापर झाल्यावर त्या मूळ प्लॅस्टिकवर चिकटवून ठेवाव्यात आणि चिकटपणा गेला की बदलाव्यात, कारण अर्धवट चिकटलेल्या पट्टीखाली प्रवाह एका बिंदूत एकवटून त्वचा भाजते. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून पायांना चिखल्या होतात, काटा किंवा दगड लागून घोट्याजवळ जखमा होतात. अशा त्वचेवर पट्टी लावू नये, दुसरा पाय धड असेल तर तो वापरावा. आंघोळ करताना, झोपेत किंवा वाहन चालवताना यंत्र चालू ठेवू नये.

हृदयात पेसमेकर किंवा झटका देणारे यंत्र बसवलेल्या व्यक्तीने, गरोदर स्त्रीने, अपस्माराचा म्हणजे फेफऱ्याचा विकार असणाऱ्याने, आणि घोटा-नडगीच्या हाडात धातूची पट्टी किंवा खिळे असणाऱ्याने हा उपचार तज्ज्ञ डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीखेरीज करू नये. त्याहून अधिक दुर्लक्षिला जाणारा गट म्हणजे पायाची संवेदना गेलेले रुग्ण. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते, आणि कुष्ठरोगात हाच टिबियल मज्जातंतू आतल्या घोट्यामागे बऱ्याचदा बाधित होतो, त्यामुळे रोग बरा होऊन वर्षे लोटली तरी तळवा बधिर राहू शकतो. अशा पायाला भाजलेले कळत नाही. डोळे मिटून बसलेल्या रुग्णाच्या तळव्यास व घोट्यास कापसाचा बोळा अलगद लावून ‘लागले का’ असे विचारण्याची साधी परीक्षा घरीही करता येते आणि तीत उत्तर चुकत असेल तर पट्टा लावू नये.

खरेदी करताना खोक्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, आणि परदेशी साधन असल्यास आयात परवाना क्रमांक व आयातदाराचा भारतातील पत्ता छापलेला आहे का, हे पाहावे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार तो असणे आवश्यक आहे. पक्के बिल घ्यावे. ‘तीन दिवसांत गुण’, ‘मधुमेह, संधिवात व लघवी एकाच यंत्राने’ अशा जाहिरातींतील पायपट्टे घेण्यात पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे निदानाची वेळ निघून जाते.

उपचार सुरू झाल्यावर आठवड्यातून किमान तीन दिवस, शक्यतो ठरलेल्या वेळी, अर्धा तास बसावे. संध्याकाळच्या मालिकेची वेळ पुष्कळांना सोयीची पडते. सहा आठवड्यांपर्यंत फरक न जाणवणे स्वाभाविक आहे. बारा आठवड्यांनंतर पुन्हा तीन दिवसांची वही लिहावी आणि पहिल्या वहीशेजारी ठेवून पाहावी. दिवसाच्या फेऱ्या बारावरून आठवर आल्या, रात्रीचे उठणे चारवरून दोनवर आले किंवा कपडे ओले होण्याचे प्रसंग निम्मे झाले, तर उपचार लागू पडला असे समजून बैठका हळूहळू विरळ कराव्यात, पण एकदम बंद करू नयेत, कारण बंद केल्यावर तक्रार परत येण्याची शक्यता असते. दोन्ही वह्या सारख्याच असतील तर यंत्र बाजूला ठेवून तज्ज्ञांकडे पुढील उपायांची चौकशी करावी.

या काळात घरच्यांनीही काही करावयाचे असते. ज्या घरांत शौचालय परसात आहे तेथे पावसाळ्याच्या रात्री ओल्या अंगणातून घाईने जाताना वृद्ध घसरतात आणि खुब्याचे हाड मोडते. झोपण्याच्या खोलीत भांडे ठेवणे आणि वाटेवर रात्रभर दिवा जळता ठेवणे हे कोणत्याही यंत्राइतकेच आवश्यक आहे. कामाच्या जागीही असेच आहे. कारखान्यांत कामगारांसाठी पुरेशी व स्वच्छ शौचालये आणि मुताऱ्या ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. हंगामी मूर्तिशाळांना हा कायदा लागू होवो वा न होवो, तेथे काम करणाऱ्या स्त्रियांसाठी दार बंद होणारे आणि पाणी असलेले शौचालय मालकांनी उभारलेच पाहिजे.

एक विनंती आरोग्ययंत्रणेलाही करणे आवश्यक आहे. पेण आणि रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांनी आठवड्यातील एक दुपार लघवीच्या तक्रारींसाठी राखून ठेवावी, तेथे स्त्री-परिचारिकेची उपस्थिती असावी, आणि मापे निवडता येणारी दोन ‘टेन्स’ यंत्रे भौतिकोपचारतज्ज्ञांच्या हाती द्यावीत, म्हणजे रुग्णाला खिशातून खर्च करण्यापूर्वी पट्टा आपल्या पायाला मानवतो की नाही हे पाहता येईल. तोवर वाचकांनी वही आजच सुरू करावी आणि तीन दिवसांनी ती घेऊन डॉक्टरांकडे जावे.